पाणढाळ आणि जलविभाजक

नवीन जालना व जुना जालना यांच्या मधून कुंडलिका नदी वाहते. पावसाळ्यांत पुलावर उभें राहून तिचें गढूळ पाणी वाहतांना आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु हें पाणी शेवटीं कोणत्या समुद्रास जातें असें कोणी विचारलें, तर पुष्कळ जाणतीं माणसेंहि अरबी समुद्राचें नांव घेतील. त्याचें कारण उघड आहे. मुंबई आपल्या ओळखीची, आपला माल तिकडे जातो, आणि नकाशावर पाहिलें तरी जालन्यास तोच समुद्र जवळ. पण कुंडलिकेचें पाणी तिकडे जात नाहीं. कुंडलिका दुधनेस मिळते, दुधना परभणी जिल्ह्यांत पूर्णेस मिळते, पूर्णा गोदावरींत शिरते, आणि गोदावरी तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून राजमहेंद्रीच्या खालीं बंगालच्या उपसागरास जाते. सरळ रेषेनें मोजलें तरी गोदावरीचें मुख जालन्यापासून अरबी समुद्राच्या दुपटीहून अधिक लांब आहे. नदीच्या वळणांनीं मोजावयाचें म्हटलें तर हें अंतर आणखी कितीतरी वाढेल.

पाणी असा लांबचा मार्ग कां पतकरतें, आणि तो ठरवितो कोण, हें समजून घेणें केवळ भूगोलाच्या विद्यार्थ्याचें काम नव्हे. ज्याचें पीक पावसावर उभें आहे, ज्याच्या विहिरीचें पाणी शेजाऱ्याच्या शेताखालून येतें आणि ज्याच्या बांधावरून दरसाल तंटा होतो, त्या शेतकऱ्यानें ही गोष्ट आधीं जाणली पाहिजे. म्हणून प्रस्तुत लेखांत प्रथम मोठ्या जलविभाजकांचा विचार करून मग आपल्या शेतांतील लहान जलविभाजकाकडे येऊं.

आढें, पाख व माळवद

कोंकणांतील कौलारू घर डोळ्यांपुढें आणावें. त्याच्या आढ्यावर पडलेला थेंब एका पाखाकडे वळला तर पुढच्या अंगणांत पागोळी होऊन पडतो, दुसऱ्या पाखाकडे वळला तर परसांत पडतो. आढ्यावर दोन थेंबांमध्यें बोटाचें अंतर असतें. पण एकदां वाटा फुटल्या म्हणजे त्यांची गांठ पुन्हा पडत नाहीं. भूमीवरील अशा आढ्यास जलविभाजक म्हणतात. त्याच्या ज्या अंगाचें पाणी एका ओढ्यास किंवा नदीस येऊन मिळतें, त्या सर्व भूमीस त्या ओढ्याचें किंवा नदीचें पाणलोट क्षेत्र म्हणतात.

आपल्या बाजूस मात्र जुनीं घरें माळवदाचीं. माळवद पाहणारास सपाट दिसतें. पण तें बांधणारा गवंडी पन्हळीकडे बारीक ढाळ ठेवतो, आणि तो चुकला तर पहिल्याच पावसांत घर गळतें. जालना जिल्ह्याची भूमि बरीचशी या माळवदासारखी आहे. येथील जलविभाजक म्हणजे दर ठिकाणीं मोठा डोंगरच असेल असें नाहीं. बैलगाडी ज्या बरडावरून सहज पलीकडे जाते व गाडीवानास चढ लागल्याचें भानहि होत नाहीं, तो बरडहि दोन नद्यांचा वांटा ठरवीत असतो. डोळ्यांस न दिसणारा हा ढाळ पाण्यास मात्र बरोबर कळतो.

दख्खनचा मोठा ढाळ

महाराष्ट्राचा मुख्य जलविभाजक म्हणजे सह्याद्रि होय. दख्खनचें पठार सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं ज्वालामुखींतून थरावर थर वाहून आलेल्या लाव्ह्याचें, म्हणजे काळ्या पाषाणाचें, बनलें आहे. या पठाराची पश्चिमेकडील कड उंच उचललेली असून सर्व पठारास पूर्वेकडे ढाळ आहे. त्यामुळें सह्याद्रीच्या माथ्याच्या पूर्वेस पडलेला बहुतेक पाऊस, समुद्र पाठीशीं अगदीं जवळ असतां, त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघतो.

गोदावरीचेंच पाहा. नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर ती उगम पावते. तेथून अरबी समुद्र सुमारें ८० किलोमीटरवर आहे; तरी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास जाते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेस उतरून अरबी समुद्रास मिळते. महाबळेश्वरींहि हाच प्रकार आहे. कृष्णा, कोयना व वेण्णा यांचें पाणी पूर्वेस जातें, आणि सावित्री घाटाखालीं उडी घेऊन कोंकणांतून अरबी समुद्र गांठते. एकाच ढगानें एका माथ्यावर केलेल्या वृष्टीचे असे दोन वांटे होतात.

असे जलविभाजक पृथ्वीवर सर्व खंडांत आहेत. अमेरिकेंत रॉकी पर्वताचा कणा एकीकडचें पाणी प्रशांत महासागरास व दुसरीकडचें अटलांटिक महासागराच्या बाजूस पाठवितो. मोंटाना प्रांतांत एका शिखरावरून तर पाण्यास तीन वाटा फुटतात: एक प्रशांत महासागराकडे, दुसरी मेक्सिकोच्या आखाताकडे व तिसरी उत्तरेस हडसनच्या उपसागराकडे. वायोमिंग प्रांतांत एक लहान ओढा जलविभाजकावरच दुभंगतो व त्याचीं दोन अंगें दोन महासागरांस जातात. आपल्या देशांत अमरकंटकच्या डोंगरांतून नर्मदा पश्चिमेस व शोण गंगेकडे जातो, हें पुष्कळांस ठाऊक असेल.

अजिंठ्याचा डोंगर व दोन पूर्णा

जालनेकरांस सह्याद्रीपेक्षांहि जवळचा मोठा जलविभाजक म्हणजे अजिंठ्याची रांग. नर्मदा व तापी या नद्या पठाराच्या पूर्व ढाळास अपवाद आहेत. भूमीच्या खचलेल्या पट्ट्यांतून त्या पश्चिमेस वाहतात. तापीचें खोरें व गोदावरीचें खोरें यांच्यामध्यें अजिंठ्याचा डोंगर उभा आहे. अजिंठ्याच्या प्रसिद्ध लेण्यांच्या पायथ्याशीं वळसा घालून जाणारी वाघूर नदी उत्तरेस खानदेशांत उतरते, तापीस मिळते, आणि तिचें पाणी सुरतेजवळ अरबी समुद्रास जातें. त्याच डोंगराच्या दक्षिण अंगावरचें सिल्लोड-भोकरदनकडील पाणी केळणेच्या व इतर ओढ्यांच्या वाटेनें पूर्णेंत उतरतें आणि बंगालच्या उपसागराची वाट धरतें. म्हणजे भोकरदन तालुक्यांतील शेतकरी आपल्या शेताच्या उत्तरेस जो डोंगर पाहतो, तो हिंदुस्थानच्या दोन समुद्रांमधील आढें आहे.

येथें नांवाचा एक घोंटाळा होतो, तो दूर केला पाहिजे. पूर्णा नांवाच्या दोन नद्या आपल्या आसपास आहेत. एक सातपुड्यांतून निघून वऱ्हाडांतून पश्चिमेस जाते व चांगदेवपाशीं तापीस मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून आपल्या जिल्ह्यांतून परभणीकडे जाते व गोदावरीस मिळते. नांव एक, समुद्र दोन. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत तर एकाच डोंगराच्या दोन अंगांस हा भेद दिसतो. नळगंगा उत्तरेस उतरून वऱ्हाडांतील पूर्णेस मिळते, आणि पैनगंगा त्याच डोंगरांत उगम पावून वर्धा व प्राणहिता यांच्या वाटेनें गोदावरीस जाते.

त्याच जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हा तिसराच प्रकार होय. उल्कापातानें झालेल्या सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या त्या खळग्याचा कांठ हाच त्याचा जलविभाजक. आंत पडलेल्या व आंत झिरपलेल्या पाण्यास बाहेर वाट नाहीं. तें उन्हानें वाफ होऊन जातें व क्षार मागें राहतात. म्हणून तें पाणी खारें आहे. ज्या काळ्या जमिनींत पाणी येतें पण निचरा होत नाहीं, ती चोपण कां होते, याचें उत्तर शोधावयास दूर जाण्याची गरज नाहीं. लोणारला तें मोठ्या प्रमाणावर मांडून ठेवलेलें आहे.

आपल्या जिल्ह्याचे तीन वांटे

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं निर्माण झाला. जिल्ह्याच्या सीमा माणसानें आंखल्या. पाण्याच्या सीमा त्यापूर्वींच आंखलेल्या होत्या. त्या दृष्टीनें जिल्ह्याचे ढोबळ मानानें तीन वांटे पडतात. उत्तरेस भोकरदन व जाफराबाद हा पूर्णेचा भाग. मध्यें बदनापूर, जालना व परतूर हा मुख्यतः दुधनेचा भाग. कुंडलिका ह्याच भागांतली. दक्षिणेस अंबड व घनसावंगी तालुक्यांतील गोदाकांठ, जेथील ओढे सरळ गोदावरीस मिळतात. पहिल्या दोहोंच्या मध्यें दौलताबादकडून पूर्वेस जालन्याकडे आलेली टेकड्यांची ओळ आहे. तिची उंची फार नाहीं, पण काम जलविभाजकाचेंच आहे.

तिन्ही भागांचें पाणी शेवटीं एकाच गोदावरींत जातें, तेव्हां हा भेद कशास हवा, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें कीं, पाण्याच्या वांटणीचा कायदाहि ह्याच रेषा पाहून चालतो. गोदावरीच्या पाण्याबद्दल राज्याराज्यांत तंटा होता. त्यांत १९७५ सालीं करार झाले व १९८० सालीं लवादाचा निवाडा आला. त्याप्रमाणें गोदावरीवर पैठणपर्यंतचें व पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचें सर्व पाणी महाराष्ट्रानें वापरावें असें ठरलें. पैठण, सिद्धेश्वर व मांजरेवरील निजामसागर यांच्या खालीं, पोचंपाड धरणापर्यंतच्या भागांत मात्र नव्या कामांकरितां साठ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली गेली. दुधना पूर्णेस मिळते ती सिद्धेश्वरच्या खालीं. तेव्हां भोकरदनच्या शिवारांत पडलेला पाऊस एका कलमांत मोडतो, आणि नवीन जालन्यावर पडलेला पाऊस दुसऱ्या. मधल्या टेकडीवर उभें राहिलें असतां हा भेद दिसत नाहीं. परंतु धरणाच्या मंजुरीचा कागद त्याच रेषेवर अडतो किंवा सुटतो.

जलविभाजक फोडला असतां

माणसानें ही निसर्गाची वांटणी पुष्कळ ठिकाणीं बदललीहि आहे. टाटांच्या योजनेनें १९१५ सालीं लोणावळ्याकडील तलावांचें पाणी, जें स्वभावतः पूर्वेस गेलें असतें, तें घाटाखालीं खोपोलीस सोडून वीज काढली. मुळशीच्या धरणाचें पाणी तसेंच भिऱ्यास उतरविलें. त्या धरणाखालीं जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं १९२१ सालीं सत्याग्रह केला होता. पुढें १९६० नंतरच्या दशकांत कोयनेचें पाणी बोगद्यांतून पोफळीस नेलें, आणि तें वाशिष्ठीच्या वाटेनें अरबी समुद्रास जाऊं लागलें. यांत विजेचा लाभ मोठा झाला हें खरें. पण तितकें पाणी खालच्या कोरडवाहू प्रदेशास अंतरलें हेंहि खरें. उलट दिशेनें, कोंकणांतील पाणी गोदावरीच्या खोऱ्यांत आणण्याच्या योजनांचीहि चर्चा चालू असते. पाणी जलविभाजकापलीकडे नेलें म्हणजे एकाच्या ताटांतील वाढप दुसऱ्याच्या ताटांत जातें, एवढें ध्यानांत ठेवून अशा प्रत्येक योजनेचा हिशेब पाहावा.

शेतांतील आढें

आतां घराकडे येऊं. मोठ्या नदीस जो नियम, तोच शेतांतील ओहळास. आपल्या जिल्ह्यांत पाऊस सरासरीनें वर्षास सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें २७-२८ इंच पडतो. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें एक लाख लिटर पाणी झालें. तेव्हां साधारण वर्षांत प्रत्येक एकरावर सत्तावीस-अठ्ठावीस लाख लिटर पाणी उतरतें. त्यांतील कांहीं मुरतें, कांहीं वाफ होतें, कांहीं वाहून जातें. वाहणारें कोठें जातें, आणि वरून आपल्याकडे किती येतें, हें शेताच्या जलविभाजकावरून ठरतें.

तो ओळखावा कसा? पहिला उपाय म्हणजे मोठ्या सरींत घोंगडें घेऊन शिवारांत फिरणें. पाणी कोठें फुटतें तें जेथें दिसेल, तेथें खुणेचे दगड ठेवावे. दुसरें, जुन्या गाडीवाटा पाहाव्या. ज्या वाटेस ओढा-ओहळ आडवा येत नाहीं, ती बहुधा आढ्यावरूनच गेलेली असते. तिसरें, भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात. त्यांचें टोंक चढाकडे वळलेलें असेल तेथें ओढा, उताराकडे वळलेलें असेल तेथें धार समजावी. शेताच्या बारीक ढाळास मात्र हे नकाशे पुरत नाहींत. त्याकरितां तीन काठ्यांची ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट करून मधोमध ओळंबा सोडावा. किंवा पारदर्शक नळींत पाणी भरून दोन टोंकांची पातळी जुळवावी. एवढ्यावर कोणासहि समतल रेषा काढतां येते.

ही परीक्षा न केल्यामुळें नित्य घडणाऱ्या चुका तीन आहेत. पहिली, बांध समतल रेषेवर न घालतां केवळ गट क्रमांकाच्या हद्दीवर घालणें. हद्द सरळ असते, ढाळ सरळ नसतो. म्हणून पाणी एका कोपऱ्यांत जमतें, बांध तेथें फुटतो व माती वाहून जाते. दुसरी, काम पायथ्यापासून आरंभणें. माथ्यावर चर नाहींत, मधल्या बरडावर ताली नाहींत, आणि खालीं ओढ्यावर मोठा बंधारा घातला, तर सर्व टेकडीचा लोंढा व गाळ एकदम त्यावर येतो. दोन-चार पावसाळ्यांत बंधारा गाळानें भरतो. तिसरी चूक शेततळ्याची. तळें ढाळाच्या वाटेवर न खणतां अगदीं आढ्यावर खणलें, तर त्यांत वाहतें पाणी येणार कोठून? मग विहिरीचें पाणी उपसून तें भरावें लागतें. भूमीखालचें पाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांचें सामायिक असतें. तें वर काढून उघड्या तळ्यांत ठेवलें म्हणजे दहांचें पाणी एकाचें होतें, आणि त्यांतलेंहि कांहीं ऊन पिऊन टाकतें. भूमीवरचा जलविभाजक व भूमीखालचा जलविभाजक बहुधा एकमेकांस अनुसरतात, परंतु खडकाच्या थरांमुळें व भेगांमुळें नेहमींच नव्हे. म्हणून विहिरीची जागा ठरवितांना ढाळासह खडकहि पाहावा.

तंट्याचेंहि येथेंच सांगतों. वरच्या शेताचें स्वाभाविक ढाळानें येणारें पाणी खालच्यानें बांध घालून अडविलें व त्यामुळें वरच्याचें पीक बुडूं लागलें, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या ५ व्या कलमाप्रमाणें तो अडथळा काढून घेण्याकरितां तहसीलदाराकडे दाद मागतां येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज केला पाहिजे. पण अर्जापूर्वीं दोघांनीं मिळून एकदां पावसांत बांधावर उभें राहावें हें बरें. पाणी कोणत्या ढाळानें येतें हें दोघांस डोळ्यांनीं दिसलें, म्हणजे निम्मा वाद तेथेंच मिटतो.

कडवंचीचा धडा

पाणलोट धरून काम केलें असतां काय होतें, याचें उदाहरण आपल्याच तालुक्यांत आहे. कडवंची गांवीं १९९६ सालीं इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखालीं मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या साहाय्यानें काम सुरू झालें. तेथें कोणाचें शेत कोठें आहे हें आधीं न पाहतां माथा कोठें आहे हें पाहिलें. प्रथम माथ्यावर चर, मग शेतांत बांधबंदिस्ती, आणि शेवटीं ओढ्यावर बंधारे, अशा क्रमानें सर्व गांवानें काम केलें. पुढें त्याच पाण्यावर तेथें द्राक्षबागा व शेततळीं उभीं राहिलीं. २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना जिल्ह्यांत ठिकठिकाणीं मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनीं दहा-दहा वर्षांचीं झाडें डोळ्यांदेखत तोडलीं. त्या वर्षींहि कडवंचीच्या बागा तगल्या. आभाळ दोघांवर सारखेंच कोपलें होतें.

मात्र कडवंचीसहि पुढें एक मर्यादा आहे, व ती आपण सर्वांनीं ओळखावी. पाणलोट क्षेत्र जेवढें आहे तेवढेंच राहतें. त्यावर पडणारा पाऊस वाढविणें कोणाच्या हातीं नाहीं. बागा, तळीं व विहिरी मात्र दरसाल वाढत जातात. ज्या दिवशीं गांवाचा खर्च पाणलोटाच्या उत्पन्नापुढें जातो, त्या दिवशीं उत्तम बांधबंदिस्तीहि पुरत नाहीं. घरचा जमाखर्च जसा आपण दिवाळीस पाहतों, तसा पाण्याचा जमाखर्च पावसाळा संपतांच गांवानें एकत्र बसून पाहावा, आणि त्यावरून रब्बीचें व बागेचें क्षेत्र ठरवावें.

वाचकांस शेवटीं एवढीच विनंति आहे. येत्या मृगापूर्वीं आपल्या शेताचा एक कच्चा आराखडा काढावा. त्यांत हद्दीच्या रेषेबरोबर ढाळाचे बाण दाखवावे. पाणी कोणाकडून येतें व कोणाकडे जातें तें लिहावें, आणि वरच्या व खालच्या शेजाऱ्यास तो दाखवावा. सातबाऱ्यावर आपलें नांव एका गटापुरतें आहे. पाण्याच्या दप्तरांत मात्र आपण व आपले वरचे-खालचे शेजारी एकाच खात्याचे हिस्सेदार आहों, आणि त्या खात्याची हद्द माथ्यावरच्या त्या न दिसणाऱ्या आढ्यानें घातलेली आहे.